ई-इन्व्हॉइस आणि ऑनलाइन पेमेंट: बिल खरं, पण खातं कुणाचं?

पीडीएफ बनवला, ईमेलला जोडला आणि पाठवून दिला की ई-इन्व्हॉइसिंग झालं असं बऱ्याच धंदेवाल्यांना वाटतं, आणि सिक्युरिटीचा विषय निघाला की गाडी थेट पासवर्ड न अँटीव्हायरसवर जाते. पासवर्ड हवाच, त्यात वाद नाही. पण बिलाच्या व्यवहारात चोराला बहुतेक वेळा एकच गोष्ट बदलायची असते, पैसे ज्या खात्यात जायचे तो नंबर. माल बरोबर, रक्कम बरोबर, तारीख बरोबर, लोगो बरोबर, फक्त खातं भलत्याचं. म्हणून सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, फुकटचं घ्या नाहीतर महागडं घ्या, पहिला प्रश्न हा विचारायचा की यात खातं नंबर कोण बदलू शकतो आणि बदलला तर ते कुणाच्या लक्षात येतं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच प्रश्नाभोवती आहे.

आणि हे फक्त छोट्यांच्या बाबतीत होतं असं समजू नका. २०१३ ते २०१५ च्या दरम्यान एव्हाल्दस रिमाशाउस्कस नावाच्या लिथुआनियन माणसाने क्वांटा कॉम्प्युटर या तैवानच्या कंपनीच्या नावाचीच एक कंपनी लाटव्हियात रजिस्टर केली, त्या नावाने बँकेत खाती उघडली आणि फेसबुक न गुगलला खोटी बिलं धाडली. क्वांटा या दोघांची खरीखुरी सप्लायर होती, त्यामुळे बिल बघून कुणी दचकलं नाही, आणि दोघांकडून मिळून १० कोटी डॉलरच्या वर रक्कम गेली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्याला ५ वर्षांची शिक्षा दिली. हत्यारं काय होती तर खोटी बिलं, खोटी पत्रं न करार आणि सप्लायरच्या माणसांसारखे दिसणारे ईमेल पत्ते, बस. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात अशा ईमेलवाल्या फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या त्यातलं नुकसान सुमारे २९० कोटी डॉलर होतं, आणि ही फक्त तक्रार झालेली रक्कम.

आधी बिल नीट बनवा

पीडीएफ हा माणसाने बघायचा कागद आहे, मशीनसाठी तो कामाचा नाही. समोरच्याच्या ऑफिसात कुणीतरी तो उघडतो, आकडे बघतो आणि आपल्या सिस्टीममध्ये परत टाइप करतो, नाहीतर स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर ते वाचायचा प्रयत्न करतं. जिथे जिथे परत टाइप होतं तिथे चूक घुसते आणि चूक जिथून घुसते तिथूनच लबाडीही घुसते. खरं ई-इन्व्हॉइस म्हणजे ठरलेल्या साच्यातली डेटा फाइल, बहुतेक ठिकाणी एक्सएमएल, ज्यात विकणारा, घेणारा, टॅक्स, प्रत्येक ओळ, पैसे भरायचं खातं हे सगळं आपापल्या ठरलेल्या जागी असतं. यूबीएल हा त्यातला जगभर चालणारा साचा, आणि युरोपात २०१७ पासून ईएन १६९३१ हे स्टँडर्ड आहे. तुमचं सॉफ्टवेअर यातलं काही एक्सपोर्ट करतं का ते विकत घ्यायच्या आधीच विचारा, नंतर विचारलं की "पुढच्या व्हर्जनमध्ये येतंय" हेच उत्तर मिळतं.

बऱ्याच देशांत आता बिल आधी सरकारी सिस्टीममधून जातं. इटलीत १ जानेवारी २०१९ पासून देशातल्या धंद्यांची आपसातली बिलं त्यांच्या सरकारी एक्सचेंजमधूनच जातात. भारतात १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्यांपासून सुरुवात झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती मर्यादा ५ कोटींवर आली, तिथे पोर्टल प्रत्येक बिलाला ६४ अक्षरी आयआरएन (बिलाचा नोंदणी नंबर) आणि डिजिटल सही केलेला क्यूआर कोड देतं. आता इथे गंमत बघा, त्या क्यूआरमध्ये दोन्हीकडचे जीएसटीआयएन (जीएसटी नंबर), बिल नंबर, तारीख, एकूण रक्कम, किती आयटम असं सगळं असतं, पण सप्लायरचं बँक खातं नसतं. म्हणजे क्यूआर स्कॅन करून हिरवी टिक आली तर बिल खरंच रजिस्टर झालंय एवढं कळलं, खाली छापलेलं खातं कुणाचं ते नाही कळलं. "सरकारी शिक्का आहे ना, मग करा पेमेंट" असं म्हणणारे अकाउंटवाले बघितलेत मी, त्यांना हे समजावायला वेळ लागतो.

शक्य असेल तिथे बिल ईमेलने पाठवूच नका, नेटवर्कमधून पाठवा. पेपॉल हे त्यातलं मोठं नाव, २००८ ला युरोपात प्रोजेक्ट म्हणून सुरू झालं आणि आता सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान इथेही चालतं. कसं चालतं तर तुम्ही तुमच्या सर्व्हिस प्रोव्हायडरला बिल देता, तो ते समोरच्याच्या प्रोव्हायडरला देतो, आणि या दोघांच्या मधला प्रवास सर्टिफिकेटने सही होऊन एन्क्रिप्ट होऊन होतो. कुणाच्या इनबॉक्समधे बिल लोळत पडत नाही. तरीपण नेटवर्कमध्ये आलेलं प्रत्येक बिल खरंच असतं असंही नाही, कुणीतरी नोंदणी करून भलतं बिल पाठवू शकतंच, त्यामुळे घेणाऱ्याची तपासणी सुटत नाही.

एक बारकी गोष्ट हायब्रिड बिलांची. जर्मनीतलं झुगफर्ड न फ्रान्समधलं फॅक्टुर-एक्स यांत दिसायला साधा पीडीएफ असतो पण त्याच्या पोटात एक्सएमएल फाइल असते. माणूस पीडीएफवरचं खातं बघून मान डोलावतो आणि सॉफ्टवेअर पैसे पाठवतं एक्सएमएलमधल्या खात्यावर. दोन्ही सारखेच असतील हे गृहीत धरायचं नाही, सिस्टीमने दोन्ही वाचून फरक असला तर बिल अडवलं पाहिजे. तशी सोय नसेल तर निदान अप्रूव्ह करणाऱ्याच्या स्क्रीनवर एक्सएमएलमधलं खातं दिसायला हवं, पीडीएफचा फोटो नको.

ईमेलने पाठवायचंच असेल तर

तुमच्या डोमेनवर, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावर, एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही लावा. एसपीएफ सांगतं की आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरला आहे, डीकिम मेलवर सही करतं, आणि डीमार्क सांगतं की या दोन्हीपैकी एकही जुळलं नाही तर काय करायचं. बरेच लोक डीमार्क "नन" वर ठेवून मोकळे होतात, त्यात फक्त रिपोर्ट येतात, मेल अडत नाही. थोडे आठवडे रिपोर्ट बघा, तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर, न्यूजलेटरवाला, सीआरएम (ग्राहकांची माहिती ठेवणारं सॉफ्टवेअर) हे सगळे नीट पास होतायत का बघा, मग "क्वारंटाइन" (मेल स्पॅममध्ये) आणि शेवटी "रिजेक्ट" (मेल परत). गुगल न याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही लावणं तसंही सक्तीचंच केलंय.

पण याने सगळं भागतं असं नाही. डीमार्क फक्त तुमचं नेमकं डोमेन वाचवतं. चोराने तुमच्यासारखं दिसणारं डोमेन विकत घेतलं, म्हणजे एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी, नाहीतर मधे एक डॅश, तर त्याचं एसपीएफ, डीकिम, डीमार्क सगळं अगदी झकास पास होतं कारण डोमेन खरंच त्याचंच आहे. मोबाइलवर तर बहुतेक वेळा पत्ता दिसतच नाही, नुसतं नाव दिसतं.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे खरा मेलबॉक्सच हातात जाणं. होतं काय की सप्लायरच्या माणसाचा पासवर्ड जातो, चोर आत येऊन गप्प बसतो, जुने मेल वाचतो, कुणाचं बिल कधी देय आहे, कोण कुणाला "साहेब" म्हणतं कोण "अहो" म्हणतं ते सगळं बघतो, आणि मेलबॉक्समधे एक नियम बनवून ठेवतो की "इन्व्हॉइस" किंवा "पेमेंट" शब्द असलेला मेल आला की तो आरएसएस फीड्ससारख्या कुणी कधी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाक आणि वाचलेला दाखव. मग चालू असलेल्या खऱ्या संवादातच, खऱ्या पत्त्यावरून, मेल जातो:

"नमस्कार, सोबत मागच्या महिन्याचं बिल परत जोडत आहे. आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट चालू असल्यामुळे कृपया यावेळी खालील खात्यावर रक्कम जमा करावी. आज झालं तर बरं होईल, मी मीटिंगमध्ये आहे, फोन लागणार नाही, मेलवरच कळवा."

हे नीट वाचा. ऑडिट चालू असलं म्हणून कुणाचं खातं बंद पडत नाही. "आजच" आणि "फोन नको" हे दोन शब्दप्रयोग एकाच मेलमध्ये आले की पेमेंट तिथेच थांबवायचं. भाषेत व्याकरणाच्या चुका शोधत बसू नका, आता एआयमुळे चोरांचं लिखाण आपल्यापेक्षा चांगलं असतं 😅

तुमच्या स्वतःच्या मेलबॉक्सचे फॉरवर्डिंग आणि इनबॉक्स रूल्स दर महिन्याला एकदा उघडून बघा, अकाउंट्स न सेल्सच्या सगळ्या माणसांचे, आणि बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड करणं अॅडमिनकडून बंदच करून टाका. टू-फॅक्टर (पासवर्डनंतरची दुसरी तपासणी) सगळ्यांना सक्तीचं, जमलं तर पासकी (फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीसारखी हार्डवेअर किल्ली, कारण एसएमएसचा ओटीपी खोट्या लॉगिन पानावर माणूस स्वतःच्या हाताने टाइप करून देतो, पासकी मात्र खोट्या डोमेनवर चालतच नाही.

आणि तुमच्या प्रत्येक बिलावर एक ओळ छापा: आमचं बँक खातं बदललं तर आम्ही ते ईमेलने कळवणार नाही. बदलायची वेळ आलीच तर फोन करून, पोर्टलवरून, सही केलेल्या पत्राने कळवा, पण जे छापलंय ते पाळा, नाहीतर तुम्हीच ग्राहकाला वाईट सवय लावताय.

बिल आलं, आता पैसे द्यायचे

इथे नियम एकच आणि तो कडक: बिलावर जे खातं छापलंय त्यावर पैसे जात नाहीत, पैसे जातात ते तुमच्या व्हेंडर मास्टरमध्ये, म्हणजे सप्लायरच्या कायमच्या माहितीच्या यादीत, आधीच तपासून ठेवलेल्या खात्यावर. बिलावरचं खातं फक्त जुळतंय का ते बघण्यापुरतं. जुळलं नाही की बिल आपोआप बाजूला, मग त्यावर डायरेक्टरची सही असू दे नाहीतर कुणाची.

व्हेंडर मास्टर बदलायचा हक्क पेमेंट करणाऱ्या माणसाकडे ठेवू नका. बँकेत मेकर-चेकर असतं तसंच इथेही, एक जण बदल टाकणार, दुसरा तपासून मंजूर करणार, आणि सिस्टीमने दोघांची नावं, वेळ, जुनं खातं, नवं खातं लॉगमध्ये ठेवायचं जे कुणालाच पुसता येणार नाही, अॅडमिनलासुद्धा. ऑफिसात तीनच माणसं आहेत म्हणून हे जमत नाही असं सांगतात लोक, पण दोन माणसं असली तरी जमतं, एक मालक आणि एक अकाउंटंट. एकाच लॉगिनवर पाच जण बसत असतील तर मात्र लॉगचा काही उपयोग नाही, त्यात काय दिसणार, "अॅडमिनने बदललं".

खातं बदलायची विनंती आली की फोन करायचा. कुठल्या नंबरवर? मेलमध्ये दिलेल्या नाही, बिलावर छापलेल्याही नाही, जुन्या करारात किंवा तुमच्या रेकॉर्डला पहिल्यापासून असलेल्या नंबरवर. आणि फोनवर "तुमचं खातं बदललंय का, शेवटचे चार आकडे अमुक ना?" असं विचारू नका, समोरचा घाईत "हो हो" म्हणून टाकतो. विचारायचं असं:

"नमस्कार, तुमच्याकडून खात्याबद्दल एक विनंती आलीय. तुम्ही पाठवलीय का? केव्हा पाठवली? नवीन खात्याचा पूर्ण नंबर तुम्हीच सांगा, मी इथे पडताळतो."

म्हणजे माहिती त्यांच्या तोंडून आली पाहिजे, आपल्या नाही. आणि आवाज ओळखीचा वाटला म्हणून समोरून आलेल्या कॉलवर विश्वास नको, आवाजाची नक्कल आता सहज होते, आपणहून कॉल लावायचा. फोन झाला की कुणाशी, कुठल्या नंबरवर, कधी बोलणं झालं ते लिहून ठेवा. मग नवीन खात्यावर पहिलं पेमेंट दोन-तीन दिवस थांबवून करा, खरा सप्लायर कुरकुर करेल पण समजून घेईल, चोराला मात्र हे दोन-तीन दिवसच नको असतात.

बँकेची नाव-तपासणी असेल तर वापरा. ब्रिटनमध्ये २०२० पासून मोठ्या बँकांत खात्याचं नाव आणि नंबर जुळतायत का ते पैसे जायच्या आधी दाखवतात, युरो वापरणाऱ्या देशांत ९ ऑक्टोबर २०२५ पासून अशी सोय बँकांना द्यावीच लागते. जिथे ती नाही तिथे बँक बहुतेक वेळा फक्त नंबर बघते, तुम्ही नावाच्या रकान्यात काहीही लिहा. आयबॅनमध्ये (आंतरराष्ट्रीय साच्यातला खाते नंबर) देशाच्या दोन अक्षरांनंतर येणारे दोन तपासणीचे आकडे टायपिंगची चूक पकडतात, चोराचं खातं पकडत नाहीत, कारण त्याचाही आयबॅन अगदी खराच असतो. छोटी टेस्ट रक्कम पाठवून बघणं हेही अर्धंच, त्याने खातं चालू आहे एवढंच कळतं. ती रक्कम किती आली हे जुन्या नंबरवर फोन करून सप्लायरकडून ऐकलं तरच त्याला अर्थ.

बाकी खरेदी ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल हे तिन्ही जुळल्याशिवाय पेमेंट नाही, हे जुनं शहाणपण आहेच. डुप्लिकेट बिलांसाठी सिस्टीमने बिल नंबरातले डॅश, स्पेस, पुढची शून्यं काढून तुलना केली पाहिजे, नाहीतर १०४ आणि ०१०४ ही दोन वेगळी बिलं म्हणून दोनदा पैसे जातात, आणि यात चोर लागत नाही, आपलीच माणसं पुरतात.

पैसे घेताना

कार्ड घेत असाल तर कार्ड नंबर तुमच्या सिस्टीमला शिवूच देऊ नका. पेमेंट गेटवेचं (तुमच्यासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीचं) स्वतःचं पान वापरा, ग्राहक तिथे कार्ड टाकतो, तुमच्याकडे फक्त टोकन येतं, म्हणजे कार्ड नंबरच्या जागी वापरायचा सांकेतिक नंबर. पीसीआय डीएसएस हे कार्डवाल्यांचं स्टँडर्ड सगळ्यांनाच लागू, पण नंबर तुमच्याकडे येतच नसेल तर तुमच्या डोक्यावरचा भार खूपच कमी होतो. सीव्हीव्ही तर पेमेंट मंजूर झाल्यावर साठवायला मुळात मनाईच आहे, एन्क्रिप्ट करूनसुद्धा नाही. फोनवर कार्ड नंबर घेऊन वहीत लिहिणं, व्हॉट्सअॅपवर कार्डाचा फोटो मागवणं हे आजच्या आज बंद.

पेमेंट लिंक पाठवताना ती नेहमी एकाच डोमेनवरून जाऊ दे, म्हणजे ग्राहकाला वेगळं काही आलं तर खटकेल. शॉर्ट लिंक टाळा.

डेव्हलपरकडून काम करून घेत असाल तर हे त्याला विचाराच: पेमेंट झालं हे आपली सिस्टीम कशावरून मानते? ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये "सक्सेस" पान उघडलं यावरून बिल "पेड" होत असेल तर ते पान कुणीही स्वतः टाइप करून उघडू शकतो. गेटवेकडून थेट आपल्या सर्व्हरला येणारा वेबहूक (आपोआप पाठवलेला निरोप), त्यावरची डिजिटल सही तपासून, रक्कम, चलन आणि बिल नंबर तिन्ही आपल्या रेकॉर्डशी जुळवून मगच बिल बंद व्हायला पाहिजे. तोच वेबहूक दोनदा आला तर नोंद एकदाच झाली पाहिजे. गेटवेशी जोडणारी गुप्त किल्ली (पासवर्डसारखी) कोडमध्ये लिहून ठेवलेली नको, टेस्टची आणि खरी वेगळी हवी, आणि डेव्हलपर सोडून गेला की लगेच बदलायची.

पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे. खात्यात दिसलं की माल सोडायचा, तोवर नाही, ग्राहक कितीही जुना असू दे.

रिफंडचा एक सापळा माहीत असू द्या. कुणीतरी बिलापेक्षा जास्त पैसे भरतो, "चुकून झालं हो, फरक या दुसऱ्या खात्यावर पाठवा" म्हणतो, तुम्ही भले माणूस म्हणून पाठवता, आणि नंतर कळतं की मूळ पेमेंट चोरीच्या कार्डाने झालेलं होतं, कार्डाचा खरा मालक तक्रार करतो आणि पूर्ण रक्कम परत ओढली जाते. रिफंड ज्या रस्त्याने पैसे आले त्याच रस्त्याने, दुसरीकडे अजिबात नाही.

प्रत्येक बिलाला वेगळा पेमेंट रेफरन्स द्या, बँक देत असेल तर प्रत्येक ग्राहकाला वेगळं व्हर्च्युअल खातं (तुमच्याच खात्याला जोडलेला वेगळा नंबर) घ्या, आणि रिको, म्हणजे बँकेतली जमा आणि बिलं जुळवून बघणं, महिनाअखेरीला न ठेवता रोज करा. रोज केलं तर दहा मिनिटांचं काम असतं. ग्राहक म्हणतो "आम्ही तर सोमवारीच भरले" आणि तुमच्याकडे काही आलेलं नाही, हे तुम्हाला मंगळवारी कळणं आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला कळणं यात फार फरक आहे.

बिल डिलीट करायची सोय असलेलं सॉफ्टवेअर घेऊ नका. चुकलं तर क्रेडिट नोट काढा, नंबरांची साखळी तुटू देऊ नका. बॅकअप तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक ऑफिसच्या बाहेर, आणि अधूनमधून तो खरंच परत उघडून बघा.

पैसे गेलेच तर

बँक ट्रान्सफर कार्डासारखा नसतो, एकदा गेला की परत आणायला समोरच्या बँकेत ते पैसे अजून पडून असावे लागतात, आणि चोर ते पुढे फिरवायला वेळ लावत नाहीत. त्यामुळे आधी मीटिंग घेऊन कुणाची चूक ते ठरवायचं नाही. आधी आपल्या बँकेच्या फ्रॉड विभागाला फोन, मेल नको, फोन, ट्रान्झॅक्शन नंबर सांगून रीकॉलची (पैसे परत बोलावण्याची) विनंती आणि समोरच्या बँकेला ते खातं गोठवायला सांगण्याची विनंती, तक्रार नंबर लिहून घ्या. लगेच पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार, कारण बऱ्याच बँका त्याशिवाय हलत नाहीत. सप्लायरला त्याच्या जुन्या नंबरवर फोन, कदाचित त्याचाच मेलबॉक्स फुटलेला असेल आणि त्याचे बाकीचे ग्राहक आत्ता या क्षणी पैसे पाठवत असतील.

तो फसवा मेल डिलीट करू नका, पूर्ण हेडरसकट (मेल कुठून कसा आला त्याची तांत्रिक माहिती) सेव्ह करा. पासवर्ड बदला आणि लगेच सगळ्यांना सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, इनबॉक्स रूल्स तपासा. आणि मंजूर होऊन रांगेत उभी असलेली सगळी पेमेंट थांबवा, व्हेंडर मास्टरमधून गेल्या तीन महिन्यांत खातं बदललेल्या सगळ्या सप्लायरची यादी काढा आणि एकेकाला फोन लावायला बसा.